पेनड्राइव्हवरून लिनक्स: जिथे अडतं तिथेच दोष शोधा

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे दुकानांत, सोसायट्यांच्या ऑफिसांत, शाळांच्या लॅबमध्ये धडधाकट असूनही अडगळीत निघालेल्या सिस्टीम भरपूर आहेत. त्यांच्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) कसं चालतं हे बघायला हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरून सिस्टीम चालू करायची, तासभर वापरायची. नाही पटलं तर बंद करून पेनड्राइव्ह काढायचा. आतलं विंडोज होतं तसंच राहतं.

काम अडलं की लोक लिनक्सला नावं ठेवतात, पण दोष बहुतेक वेळा पेनड्राइव्हचा, त्यावर लिहिलेल्या फाइलचा किंवा बायॉसमधल्या (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, बोर्डवरचा प्रोग्राम) एखाद्या सेटिंगचा निघतो. स्क्रीनवर गाडी नेमकी कुठे थांबली ते बघितलं की यातलं कोणतं ते कळतं. म्हणून एकदम सगळं बदलत बसू नका. एक टप्पा पक्का करा, मग पुढचा.

आधी फाइल

४ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर लिनक्स मिंट घ्या. रॅम ४ च असेल तर त्यातली एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. २ जीबी रॅमवर मिंट चालू होतं, पण ब्राउझरमध्ये दोन-तीन टॅब उघडले की दम लागतो. तिथे अँटीएक्ससारखं हलकं लिनक्स बरं. इंजिनिअरिंगच्या पोरांना लॅबसाठी उबंटूच हवं असेल तर तेही चालेल, रीत तीच.

पूर्वी ३२-बिट विंडोज ७ टाकलं होतं म्हणून मशीन ३२-बिट असं समजू नका. कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट आहे, फक्त त्या काळी दुकानदार सरसकट ३२-बिट विंडोज टाकून द्यायचे. खरोखर ३२-बिट प्रोसेसर असेल तर पर्याय आता कमीच उरलेत. डेबियन १२ ला ३२-बिट इन्स्टॉलर होता, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला तो नाही.

मिंटची आयएसओ फाइल (अख्खं लिनक्स एका फाइलीत बांधलेलं) ३ जीबीच्या आसपास असते, उबंटू २४.०४ ची जवळपास ६ जीबी. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा त्याला पुरत नाही आणि मध्येच डेटा संपला तर ब्राउझरचं डाउनलोड अर्धवट राहतं. ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडे जाऊन उतरवा, नाहीतर टॉरेंटने घ्या. टॉरेंट तुटलं तरी राहिलं तिथून पुढे चालू होतं, शिवाय प्रत्येक तुकडा स्वतः तपासून घेतं.

ब्राउझरने उतरवली असेल तर फाइल तपासा. डाउनलोड पानावर एसएचए-२५६ नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. विंडोजवर रुफस (आयएसओ पेनड्राइव्हवर लिहिणारा प्रोग्राम) उघडून फाइल निवडली की शेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं बटण असतं. ते दाबलं की रुफस तीच खूण काढून दाखवतो. पहिली सहा-आठ आणि शेवटची सहा-आठ अक्षरं जुळली तर डाउनलोड बिघडलेलं नाही, असं समजून पुढे जा. नाही जुळली तर फाइल टाकून द्या. हे दोन मिनिटांचं काम बरेच जण टाळतात आणि मग अर्धा दिवस बायॉसमध्ये शोधत बसतात.

पेनड्राइव्ह

मिंटला ८ जीबी पुरे, पण १६ जीबीचा घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. लग्नाचे फोटो, उताऱ्यांच्या पीडीएफ वगैरे असतील तर आधी दुसरीकडे काढून ठेवा.

स्वस्तातल्या पेनड्राइव्हचं एक नाटक असतं. वर ६४ जीबी लिहिलेलं, कॉम्प्युटरही ६४ च दाखवतो, आत खरी मेमरी ४ किंवा ८ जीबीची. तेवढी भरली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं आणि कुठलाही एरर येत नाही. अशा पेनड्राइव्हवर लिनक्स लिहिलं की मेनू नीट दिसतो आणि पुढे लोड होताना गाडी मरते. नवा पेनड्राइव्ह असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम पूर्ण पेनड्राइव्ह भरून, परत वाचून खरी साइझ सांगतात. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

लिहिणं

आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. जुना बायॉस पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये सुरुवातीचा कोड शोधतो. बायॉसच्या जागी आलेलं नवं युईएफआय फॅट पार्टिशनमध्ये ईएफआय नावाच्या फोल्डरातली ठरावीक फाइल शोधतं. कॉपी केलेली आयएसओ म्हणजे त्यांच्या दृष्टीने न उघडलेला खोका. तो फोडून आतलं सामान जागच्या जागी लावण्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो.

विंडोजवर रुफस वापरा. रुफस ४ ला विंडोज ८ किंवा पुढचं लागतं. अजून विंडोज ७ वर असाल तर ३.२२ आवृत्ती उतरवा. वर 'डिव्हाइस'मध्ये तुमचाच पेनड्राइव्ह आहे ना हे साइझवरून खात्री करून घ्या आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधी काढा. 'सिलेक्ट' दाबून आयएसओ द्या. 'पार्टिशन स्कीम' एमबीआर ठेवली की पेनड्राइव्ह जुन्या बायॉसवर आणि नव्या युईएफआयवर दोन्हीकडे चालतो, जीपीटी ठेवली तर फक्त युईएफआयवर. कुठल्या मशीनला लावणार हे नक्की नसेल तर एमबीआरच. 'स्टार्ट' दाबल्यावर रुफस विचारतो: आयएसओ मोड की डीडी मोड? आधी आयएसओ मोड. त्याने बूट नाही झालं, म्हणजे पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालू नाही झाली, तर दुसऱ्या खेपेला डीडी मोड.

डीडी मोडने लिहिल्यावर पेनड्राइव्ह परत लावलात की विंडोज म्हणतं, हा वापरायचा असेल तर फॉरमॅट करा. त्याला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते तसं विचारतं. 'कॅन्सल' करा. इथे 'फॉरमॅट' दाबून सगळं पुसून टाकणारे कमी नाहीत.

हाताशी आधीच लिनक्स असेल तर मिंटमध्ये यूएसबी इमेज रायटर आहे, उबंटूत 'डिस्क्स' उघडून 'रिस्टोअर डिस्क इमेज'. टर्मिनलवरची डीडी कमांडही तेच करते, पण ती एक अक्षर चुकलं तर काही न विचारता हार्ड डिस्कवर लिहून मोकळी होते. सवय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

घरातला एकमेव कॉम्प्युटरच बंद पडला असेल तर? अँड्रॉइड फोनवर एचड्रॉइड नावाचं ॲप आहे. आयएसओ फोनमध्ये उतरवा, ओटीजी केबलने पेनड्राइव्ह लावा, ॲपमधून लिहा. फोनची बॅटरी भरलेली असू द्या.

शाळेच्या लॅबसाठी किंवा चार-पाच वेगळी लिनक्स दाखवायची असतील तर व्हेंटॉय बरा. तो पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचा. नंतर आयएसओ फाइल खरोखरच कॉपी-पेस्ट करायच्या आणि चालू होताना यादीतून निवडायच्या. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू होऊ न देणारी सोय) चालू असलेल्या मशीनवर पहिल्या खेपेला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल की फ्रॉम डिस्क' निवडून पेनड्राइव्हवरची की फाइल दाखवायची आणि रीस्टार्ट करायचं. त्या मशीनला परत विचारणा होत नाही.

यूएसबी २ च्या साध्या पेनड्राइव्हला सेकंदाला ५ एमबीचा वेग धरला तरी ३ जीबीला १० मिनिटं लागतात. हिरवी पट्टी १०० वर पोहोचली तरी थोडा मजकूर अजून रॅममध्येच असू शकतो, तेव्हा 'इजेक्ट' करून मगच ओढा. पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात वीज कधी जाईल ते हेस्कॉमलाही ठाऊक नसतं, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर काम करा. मध्येच वीज गेली तर पेनड्राइव्ह खराब होत नाही, पहिल्यापासून लिहावं लागतं एवढंच.

सुरू करण्याआधी विंडोजमध्ये दोन कामं

पहिलं बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. बायॉसमध्ये सिक्युअर बूट बदललं की विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. आधी बघून कागदावर उतरवून ठेवा. की नाही मिळाली तर आतला डेटा गेला असंच धरा, कुठल्याही दुकानात तो निघत नाही.

दुसरं फास्ट स्टार्टअप. यात 'शट डाउन' केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. मग चालू होताना बूट मेनूचं बटण दाबायला वेळच मिळत नाही आणि लिनक्समधून विंडोजची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' केलं की मशीन पूर्ण बंद होतं.

बूट मेनू

पेनड्राइव्ह लावा, मशीन चालू करा आणि कंपनीचं नाव येण्याआधीपासून खालच्या यादीतलं बटण टकटक दाबत राहा, म्हणजे कशावरून चालू व्हायचं ते निवडायचा मेनू येतो. दाबून धरू नका.

डेल, एसर, तोशिबा, थिंकपॅड, गिगाबाइटचे बोर्ड: एफ१२
एचपी: आधी एस्केप, मग एफ९
आसुस लॅपटॉप: एस्केप, आसुसचे मदरबोर्ड: एफ८
एमएसआय आणि एएसरॉकचे बोर्ड: एफ११
इंटेलचे जुने बोर्ड: एफ१०
लेनोव्हो आयडियापॅड: बाजूचं बारीक छिद्र, बंद असताना पिन घालून दाबायचं

असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर बाहेर काहीच लिहिलेलं नसतं. कॅबिनेटची बाजू उघडली की बोर्डवर कंपनीचं नाव छापलेलं दिसतं. लॅपटॉपवर एफची बटणं आवाज-उजेडासाठी लावलेली असतील तर एफएनसोबत दाबा. वायरलेस कीबोर्ड इतक्या लवकर जागा होत नाही. वायरचा कीबोर्ड मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा. एसरमध्ये एफ१२ चा मेनू मुळातच बंद असू शकतो. एफ२ ने बायॉसमध्ये जाऊन 'एफ१२ बूट मेनू' चालू करावा लागतो.

बटण जमतच नसेल आणि विंडोज चालू होत असेल तर शिफ्ट धरून 'रीस्टार्ट' दाबा, मग 'यूज अ डिव्हाइस'. त्यात पेनड्राइव्ह दिसतो.

मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर गोंधळू नका. एकाच्या आधी 'युईएफआय' लिहिलेलं असतं, दुसरा जुन्या पद्धतीचा. नुसतं बघायचं असेल तर कुठलाही चालेल. पुढे विंडोजशेजारी लिनक्स टाकायचं असेल तर विंडोज ज्या पद्धतीचं तीच निवडा. विंडोजमधल्या 'सिस्टीम इन्फर्मेशन' खिडकीत 'बायॉस मोड' या ओळीत ते दिसतं. दोन वेगळ्या पद्धतींनी टाकलं की एक चालू होताना दुसरं दिसत नाही.

कुठे अडलं?

मेनूत पेनड्राइव्हच नाही: आधी पोर्ट बदला. डेस्कटॉपचे पुढचे पोर्ट केबलने जोडलेले असतात आणि सैल झालेले असतात, मागचा वापरा. कार्ड टाकून बसवलेल्या यूएसबी ३ पोर्टवरून जुना बोर्ड बूट करत नाही. तरी नाही दिसला तर बायॉसमध्ये 'यूएसबी बूट' चालू आहे का बघा. तेही असेल तर पेनड्राइव्ह नीट लिहिलाच गेलेला नाही. दुसऱ्या मोडने पुन्हा लिहा.

निवडल्यावर 'सिक्युअर बूट व्हायोलेशन' किंवा 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन': पेनड्राइव्ह दिसला, वाचला, पण सही पटली नाही. उबंटू आणि मिंटला सिक्युअर बूट चालतं, अँटीएक्सला नाही. मिंट असूनही 'एसबॅट' शब्द असलेला संदेश आला तर आयएसओ जुनी आहे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या सह्या बाद केल्या, म्हणून त्याआधीची पेनड्राइव्हं अचानक चालेनाशी झाली. नवी आयएसओ घ्या. सिक्युअर बूट बंद करणं हा दुसरा मार्ग. एसरमध्ये तो पर्याय फिकट दिसतो आणि बदलता येत नाही. आधी 'सुपरवायझर पासवर्ड' घालावा लागतो. काम झाल्यावर तो पासवर्ड आठवणीने काढा, नाहीतर वर्षभराने बायॉस उघडताना कपाळाला हात लावाल.

काळा पडदा आणि फक्त 'ग्रब' असं लिहिलेलं, पुढे कर्सर: बूटलोडर (लिनक्सला चालू करणारा छोटा प्रोग्राम) आला, त्याला पुढच्या फाइली सापडल्या नाहीत. लिहिण्यातली गडबड. डीडी मोडने परत लिहा.

लिनक्सचा मेनू आला, एंटर दाबलं आणि पडदा काळा: इथपर्यंत आलात म्हणजे पेनड्राइव्हला दोष देऊ नका, आधी ग्राफिक्स कार्ड बघा. एनव्हिडियावाल्या मशीनवर हे हमखास होतं. मिंटच्या मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड', उबंटूच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' अशी ओळ आहे, ती निवडा. ओळ नसेल तर मेनूवर असताना इंग्रजी ई दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश'च्या आधी नो, मोड, सेट हे तीन शब्द इंग्रजीत, लहान लिपीत एकत्र जोडून टाइप करा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरताच असतो.

थोडा वेळ अक्षरं धावली आणि 'इनिट्रॅमएफएस' किंवा 'स्क्वॉशएफएस एरर' येऊन थांबलं: कर्नल (लिनक्सचा गाभा) चालू झाला, पण मुख्य फाइल वाचता वाचता पेनड्राइव्हने दगा दिला. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टवरून काळ्या २ च्या पोर्टवर लावून बघा. तेच झालं तर दुसरा पेनड्राइव्ह. दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर वेगवेगळ्या जागी एरर येत असेल तर रॅम तपासा. जुन्या डेस्कटॉपची रॅम काढून, सोनेरी पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवली की बरेचदा सुटतं.

चालू झाल्यावर

लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरून चालवलेल्या मिंटमध्ये युजरचं नाव 'मिंट' आणि पासवर्ड रिकामा. वाय-फाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, लगेच नेट मिळतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून वाय-फायचा ड्रायव्हर घ्या. आवाज, टचपॅड, कॅमेरा, प्रिंटर, झाकण मिटून परत उघडणं, हे सगळं इथेच तपासा. टाकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

लॅपटॉपची एसएसडी यादीतच दिसत नसेल तर बायॉसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी चालू असतं. ही डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत. ती बदलून सरळ एएचसीआय ही साधी पद्धत केली तर विंडोज चालू होत नाही. नुसतं बघायचं असेल तर हात लावू नका. टाकायचंच असेल तर आधी विंडोज सेफ मोडला लावून ठेवून मग बदलायचं.

बंद पडलेल्या विंडोजमधल्या फाइली काढायच्या असतील तर फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला जुनी डिस्क दिसते, त्यातलं 'युजर्स' फोल्डर उघडा आणि हवं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा. डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली तरी या कामाला तेवढं पुरतं.

आपल्या भागात मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करावं लागतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट'ला दोन्ही जोडा. इन्स्क्रिप्ट येत नसेल तर दोन्ही भाषांना 'कगप फोनेटिक' आहे. कन्नड गणक परिषदेच्या मांडणीवरून लिनक्सने मराठीसाठीही ती घेतली आहे, त्यामुळे नुडीवर (कन्नड टायपिंगचा प्रोग्राम) हात बसलेल्याला मराठी टाइप करायला वेगळं शिकावं लागत नाही. डीटीपीवाल्यांनी मात्र जपून. नुडीच्या किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाइली त्यांच्या फॉन्टशिवाय लिनक्सवर नुसता कचरा दिसतात. त्या मजकुराला काही झालेलं नसतं.

केलेलं काम टिकवायचं असेल तर रुफसमध्ये लिहिण्याआधी 'पर्सिस्टंट पार्टिशन' ४ ते ८ जीबी ठेवा. फाइली आणि सेटिंग राहतात. त्यात सगळे अपडेट घेत बसू नका, जागा भरते आणि कर्नल बदलत नाही. पेनड्राइव्हवरच पूर्ण लिनक्स टाकायचं मनात असेल तर यूएसबी एसएसडी घ्या आणि टाकताना आतली डिस्क काढा किंवा बायॉसमधून बंद करा. नाहीतर इन्स्टॉलर बूटलोडर आतल्या डिस्कवर लिहितो आणि पेनड्राइव्ह काढल्यावर विंडोजही चालू व्हायला कुरकुर करतं.

विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स बोर्डवरचं घड्याळ युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक वेळ. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की जागेवर येतं.

पेनड्राइव्ह परत साध्या वापरात आणताना विंडोज त्याची साइझ काही एमबीच दाखवत असेल तर रुफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून स्टार्ट करा. ३२ जीबीपर्यंत फॅट३२ ठेवा, म्हणजे टीव्हीला आणि गाडीच्या स्टिरिओलाही चालेल. ४ जीबीहून मोठी एकच फाइल ठेवायची असेल तर एक्सफॅट.